‘येते’नंतरची सोळा पानं

लिहायची हौस असलेली पोरंपोरी अजून माझ्या दुकानात येतात. दुकान म्हणजे नंदुरबारात एका गल्लीतला एक गाळा. टायपिंग, झेरॉक्स, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, असं सगळं. कविता टाईप करून घ्यायला आलेलं पोरगं आधी इकडचं तिकडचं बोलतं आणि मग चाचरत विचारतं, "ताई, लिहायचं म्हटलं तर आधी काय वाचावं?" मी एकच कादंबरी सांगते. विज्ञान कादंबरी आहे म्हटलं की त्याचं तोंड पडतं. "म्हणजे रोबोट वगैरे का ताई?" अरे, रोबोट नाही नि वगैरेही नाही, गप बस आणि वाच.

कादंबरीचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही शोधायला जाल आणि मिळणार नाही, उगाच मला शिव्या घालाल. छापणारा केव्हाच बंद पडला आणि लिहिणाऱ्यानं पुन्हा काही लिहिलं नाही. एक धड प्रत माझ्याकडे आहे. दुकानात स्टूल टाकून वाचायची, घरी न्यायची नाही. आणि शेवटचं पान वाचल्याशिवाय उठायचं नाही, ही माझी अट. पोरं हसतात. हसू देत.

ही कादंबरी सुचवायची सवय मूळची माझी नाही, सरांची. सर हायस्कुलात मराठी शिकवायचे. दर रविवारी त्यांच्या घराच्या ओट्यावर लिहिणाऱ्यांची बैठक भरायची. मी कॉलेजात होते, धानोऱ्याहून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून यायचे. पहिल्याच रविवारी मी माझी कथा वाचली. पाटलाचा वाडा, त्यात अन्याय, त्यात विहीर, त्यात उडी. सरांनी शेवटपर्यंत ऐकलं, उठले, आत गेले आणि जाड खाकी कापडाच्या बाइंडिंगचं एक पुस्तक आणून माझ्या मांडीवर ठेवलं. "आधी हे वाच. मग विहिरीत कोणाला ढकलायचं ते बघू."

बाकीचे गालात हसत होते, कारण प्रत्येकाला पहिल्या रविवारी तेच पुस्तक मिळालं होतं.

गोष्ट साधी आहे. नदीकाठच्या एका खेड्यातली मुलगी शिकते आणि दूरच्या ताऱ्याकडे जाणाऱ्या यानासाठी निवडली जाते. यान इतकं वेगात जाणार की तिला जाऊन परत यायला पाचच वर्षं लागतील, पण गावात तोवर दोनशे वर्षं उलटलेली असतील. हे समजावून सांगायला एक अधिकारी घरी येतो. आई तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. तो फळीवर खडूनं रेघा मारून काळ कसा मंद होतो ते सांगतो. ती सगळं ऐकून घेते आणि विचारते, "म्हणजे ही येईल तेव्हा मी किती वर्षांची असेन?" अधिकारी खडू खिशात घालतो. बस, एवढंच. पुढे सामानाचं वजन. मुलीला मूठभरच सामान न्यायची परवानगी. आई लोणच्याची बरणी देते, ती काट्यावर ठेवली की काटा खाली जातो. मग आई लोणचं कमी करते, मग तेल निथळून काढते, मग नुसत्या चार फोडी कागदात बांधते. अख्ख्या कादंबरीत यानाचं यंत्र म्हणून जे काही कळतं ते त्या काट्यावरून कळतं. सर म्हणायचे, "बघा! विज्ञान लिहायचं तर असं. बरणी काट्यावर ठेवायची आणि आपण बाजूला व्हायचं." हे मला तेव्हा पटलं होतं, आजही पटतं.

आणि मग शेवट. यानाकडे न्यायला गाडी आलेली आहे. आई दारात, मुलगी पायरीवर. मुलगी म्हणते, "येते."

संपलं. पानाच्या तळाशी तो शब्द आणि पुढे बाइंडरनं चिकटवलेला कोरा कागद.

सरांचा सगळा जीव त्या शेवटावर. आपल्यात निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, अशुभ. ‘येते’ म्हणायचं. दोनशे वर्षांनी परतणारी मुलगीसुद्धा ‘येते’ म्हणते, आणि आई काहीच बोलत नाही. सर हात उंच करून म्हणायचे, "त्या ‘येते’ला उत्तर नाही! आईनं तोंड उघडलं असतं की कादंबरी मेली असती. मोठा लेखक दार उघडं टाकून निघून जातो. ‘येते’ला कधी उत्तर देऊ नका." हे वाक्य आमच्यातल्या प्रत्येकानं वहीत लिहून घेतलं होतं.

मग काय विचारता! आमच्या त्या बैठकीतल्या सगळ्या कथा उंबरठ्यावर संपायला लागल्या. कोणी एसटीत पाय ठेवताना, कोणी दवाखान्याच्या दारात, कोणी तर नुसतं कडीवर हात ठेवून. आत काय झालं, बाहेर काय झालं, देव जाणे. आमच्यातल्या एकानं एका दिवाळी अंकाला कथा पाठवली तर संपादकांचं कार्ड आलं: कथा मिळाली, पुढची पाने पाठवावीत. आम्ही पोट धरधरून हसलो. सर मात्र चिडले. "त्याला कळलंच नाही, गाढवाला!" आम्हालाही वाटलं, खरंच, त्या पुण्यामुंबईकडच्यांना काय कळतंय.

घरी मी आईला ती कादंबरी अहिराणीत सांगितली होती. आई शाळेत गेलेली नव्हती, पण गोष्ट ऐकायची भारी हौस. निंदणीहून आली की पाय पसरून बसायची, "काय वाची ऱ्हायनी व इतलं? माले बी सांग." मी सांगत गेले. लोणच्यापाशी तिनं डोळ्याला पदर लावला. शेवटी मुलगी ‘येस’ म्हणते, म्हणजे आपलं ‘येते’, असं सांगून मी थांबले. आई वाट बघत राहिली. "मंग? माय काय बोलनी?" म्हटलं, काही नाही, गोष्ट संपली. आई माझ्यावरच उखडली. "पोर ‘येस’ म्हनस नि माय मुकी ऱ्हास? आशी कोठे माय ऱ्हास का?" मी तिला सरांचं दार उघडं टाकण्याचं तत्त्व समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. ती पुटपुटत चुलीकडे गेली.

आता जे सांगायचं आहे ते जड जातं, पण सांगते.

सरांच्या घरात सर आणि त्यांचा मुलगा असे दोघंच. सरांच्या पत्नी मुलगा शाळेत असतानाच वारल्या होत्या. मुलगा बीए झाला होता. सरांचं म्हणणं, बीएड कर, मास्तर हो. मुलाला सुरतेच्या कापड मार्केटात काम मिळत होतं. वर्षभर दोघांत तेच चाललं होतं, सगळ्या गल्लीला ठाऊक. सरांना ते फार लागलं होतं. मराठीच्या मास्तराचा पोरगा साड्यांच्या घड्या घालणार, हे त्यांच्या तोंडून मी स्वतः ऐकलं आहे.

एका सकाळी मी पुस्तक परत द्यायला गेले होते. मिरचीचा हंगाम, सगळ्या गावात ठसका भरून राहिला होता. सर टेबलाशी उत्तरपत्रिका तपासत होते, मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर. मुलगा आतून बॅग घेऊन आला. मला वाटलं कुठे गावाला चालला असेल. त्यानं चपला घातल्या, दारात वळला आणि म्हणाला, "नाना, येतो."

सरांनी मान वर केली नाही. लाल पेन चालत राहिलं.

तो उभा राहिला. पुन्हा म्हणाला, "येतो हं, नाना." त्या ‘हं’मध्ये काय होतं ते मला आजही ऐकू येतं. आपल्यात येतो म्हणणाऱ्याला ‘ये’ म्हणतात. शत्रूला म्हणतात, उसनं मागायला आलेल्याला म्हणतात, दारावर बांगड्या विकायला आलेल्या बाईलाही म्हणतात, "या हं पुन्हा." त्यात काय जातं? माझ्या ओठावर आलं होतं. पण ते माझं घर नव्हतं आणि मी त्याची कोण? तो गेला. ओट्याच्या पायऱ्या उतरल्याचा आवाज आला आणि मग फाटकाचा.

सर पुढच्या उत्तरपत्रिकेकडे वळले. मी पुस्तक टेबलावर ठेवलं, "येते सर," म्हणाले. सर म्हणाले, "ये."

मला म्हणाले. मला!

मुलगा मग आला नाही. सुरत काही परदेशात नाही, नंदुरबारहून सकाळची गाडी धरली की जेवायच्या वेळेला माणूस तिथे. पण सर गेले नाहीत आणि तो आला नाही. तिथेच एका गुजराती मुलीशी त्यानं लग्न केलं, ते सरांना बाहेरून कळलं. मुलगी झाली, तेही बाहेरूनच. रविवारची बैठक चालूच होती. सर ‘येते’ला उत्तर देऊ नका हे आता जरा जास्तच जोरात सांगायचे. सांगताना कधीकधी त्यांचा आवाज चिरकायचा. आम्ही म्हणायचो, सर किती समरस होतात! आम्ही तरी काय, डोळे असून आंधळे. माणूस पुस्तकातून शिकत होता की पुस्तकाआड लपत होता, हे मला अजून ठरवता येत नाही. कदाचित दोन्ही असेल.

वर्षं गेली. बैठक विरत विरत बंद पडली. माझं लग्न झालं, दुकान झालं. सर निवृत्त झाले, म्हातारे झाले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मी अधूनमधून जायचे, डबा द्यायचे, पेपर वाचून दाखवायचे. मुलाचा विषय काढला की म्हणायचे, "त्याला यायचं तर येईल की. दार काय मी लावून घेतलंय?" दार उघडं होतं हे खरंच होतं. त्या घराचं दार दिवसभर सताड उघडं असायचं. पण नुसत्या उघड्या दारातून कोणी येत नाही हो. हाक लागते.

मला मनापासून वाटायचं, या माणसानं एकदा, फक्त एकदा, त्या पोराला ‘ये’ म्हणावं. बाकी मला काही नको होतं. पण सरांना सांगणार कोण? मी एकदा सांगून बघितलं, तर दोन महिने माझ्याशी धड बोलले नाहीत.

आणि मग मला ती पानं सापडली.

पत्रिकांची कोरी कार्डं आणायला मी सुरतेला जाते. आपली खानदेशी माणसं तिकडे ढिगानं, त्यामुळे तिथल्या रद्दीतही मराठी पुस्तकं निघतात. एका फुटपाथवरच्या ढिगात मला ती कादंबरी दिसली. खाकी बाइंडिंग नाही, मूळ कव्हर. कव्हरवर लोणच्याची बरणी आणि तिच्यामागे तारे. आमच्यापैकी कोणी ते कव्हर कधी पाहिलंच नव्हतं. मी घाईघाईनं घेतलं, घासाघीससुद्धा केली नाही, रद्दीवालाच चकित झाला.

गाडीत खिडकी मिळाली. ‘येते’ पुन्हा वाचावं म्हणून मी शेवट उघडला, तर ‘येते’च्या पुढे पान होतं. पुढे आणखी. मी मागे जाऊन पानांचे आकडे पाहिले आणि मला घामच फुटला. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्मांनी शिवतात. माझं पोट त्याच्यावर चालतं, दिवाळी अंकाचे फॉर्म मी झोपेतही मोजते. सरांच्या प्रतीत अकरा फॉर्म होते. या प्रतीत बारा. सरांनी जुनं पुस्तक घेतलं तेव्हाच त्याचा शेवटचा फॉर्म गळालेला असणार. बाइंडरनं मिळालं तेवढं शिवलं, वर कोरा कागद चिकटवला आणि मोकळा झाला. ‘समाप्त’ हा शब्द आमच्या प्रतीत नव्हता, हेही कधी कोणाच्या लक्षात आलं नाही. त्या संपादकांनी आमची पुढची पानं मागितली होती, आणि आम्ही त्यांना गाढव म्हणालो होतो!

मी वाचायला लागले. एकशे सत्त्याहत्तराव्या पानाचा पहिला शब्द होता: "ये."

आई म्हणते, "ये." गाडी निघून जाते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवा लावून ती दारात उभी राहते आणि रस्त्याकडे बघून पुन्हा म्हणते, "ये." रोज. शेजारची लहान पोर ते बघते आणि खेळ म्हणून तीही म्हणायला लागते. आई म्हातारी होते, मरते. ती पोर, आता बाई झालेली, दिवेलागणीला दारात म्हणतेच, कारण तिला करमत नाही. तिच्या सुना म्हणतात. नदी पात्र बदलते, गाव सरकतं, नवी माणसं येतात, भाषा बदलून जाते. ‘ये’चा अर्थ कोणालाच ठाऊक उरत नाही, झिजून झिजून एक आवाज तेवढा राहतो. पण दिवा लावला की दारात उभं राहून तो काढायचा, एवढं सगळे पाळतात. दोनशे वर्षांनी एक तरुण मुलगी पायवाटेनं चालत येते. गाव तिच्या ओळखीचं नाही, माणसं नाहीत, भाषा नाही. ती परत फिरणार इतक्यात संध्याकाळ होते आणि घराघरांतून तिला बोलावणं येतं.

नवापूर येईपर्यंत माझं वाचून झालं होतं आणि मी ढसाढसा रडत होते. समोरची बाई घाबरली. "काय व्हयनं व बाई?" म्हणून तिनं पाण्याची बाटली पुढे केली. तिला काय सांगणार, की एका पुस्तकाची सोळा पानं हरवली होती? मी म्हटलं, काही नाही मावशी, डोळ्यात कचरा गेला.

एवढ्या चांगल्या शेवटाला आम्ही सगळे मुकलो, याचं वाईट वाटत होतंच. पण जास्त वाईट याचं वाटत होतं की त्या माणसानं ज्या शेवटावर आपलं घर उभं केलं, तो शेवट नव्हताच. तो एका बाइंडरच्या टेबलावरून खाली पडलेला कागद होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सरांकडे गेले. ते ओट्यावर खाटेवर बसले होते. मी सांगितलं. ते हसले. "कोणीतरी मागून जोडलं असणार. लोकांना शेवट गोड लागतो."

मी भडकले. म्हटलं, "सर, कविता कळत नसेल मला, पण छपाई कळते. तोच कागद, तोच टाईप, तीच शाई. आकडे एकशे शहात्तराच्या पुढे सलग आहेत. आता वाचू का नको?"

बराच वेळ त्यांनी काडीनं दात कोरले. मग म्हणाले, "वाच."

मी वाचलं. एकदाही मध्ये थांबवलं नाही त्यांनी, आणि हा माणूस कोणालाही दोन वाक्यं सलग वाचू न देणारा. वाचून झाल्यावर म्हणाले, "पहिलं पान परत." मी परत वाचलं. आई म्हणते, ये. सरांनी दोन्ही हातांनी खाटेची कड धरली.

"मी इतकी वर्षं पोरांना काय शिकवलं ग?"

मला त्यांची समजूत घालता आली नाही. खोटं बोलायला हवं होतं, ते जमलं नाही.

मग ते म्हणाले, "त्याचा नंबर असेल का कोणाकडे?"

मी उठलेच. मुलाच्या वर्गमित्राचं मोबाईलचं दुकान माझ्या दुकानाला लागून आहे. नंबर घेऊन, धापा टाकत परत आले. सर अंगात स्वच्छ सदरा घालून बसले होते. फोनवर बोलायला सदरा! मी विचारलं, काय म्हणाल? ते म्हणाले, "काय म्हणणार. ये म्हणेन." त्यांना कमी ऐकू येतं म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला आणि त्यांच्या हातात दिला.

तिकडे घंटी वाजत राहिली. मग उचलला. लहान मुलीचा आवाज, सात-आठ वर्षांची असावी. "हॅलो, कोण?"

सर माझ्याकडे बघायला लागले. हे त्यांनी धरलंच नव्हतं. सगळी तयारी एका शब्दाची आणि तो ऐकणारा तिथे नव्हता. मी खुणेनं म्हटलं, बोला, बोला. त्यांनी घसा साफ केला.

"मी... मी आजोबा."

मग पोरगी फोन तोंडापासून लांब धरून खणखणीत ओरडली, "मम्मी, कोई आजोबाभाईनो फोन छे!"

आतून बाईचा आवाज आला, कढईत काहीतरी चुरचुरत होतं. पोरगी परत फोनवर आली. "पप्पा घरे नथी, अंकल. पछी करजो." नंतर करा म्हणे. आणि मोठ्या माणसांचं ऐकून ऐकून पोरं जशी शिकतात तसं, अगदी शहाण्यासारखं, शेवटी म्हणाली, "आवजो."

फोन बंद झाला.

सरांनी तो कानाला लावला, मग बघितला, मग पुन्हा कानाला लावला. "शेवटी काय म्हणाली ती?"

नंदुरबारात राहणाऱ्या माणसाला आवजो कळत नाही असं होत नाही. त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं असेल. मी म्हटलं, "आवजो म्हणाली, सर. या म्हणाली."

"ते तर सगळ्यांनाच म्हणतात ग," सर म्हणाले.

"आपल्यातही सगळ्यांनाच म्हणतात, सर."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मुलाचा उलटा फोन आला नाही. आजोबाभाईचा निरोप त्याला मिळाला की नाही, तेही मला माहीत नाही. सर त्यानंतर एक उन्हाळा काढून वारले, पण तो नंबर त्यांनी पुन्हा कधी मागितला नाही.